बोडकं झाड सुरक्षित नसतं

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायट्यांची मे महिन्यातली कामं ठरलेली असतात. गच्चीची गळती पाहायची, गटारं उपसून घ्यायची आणि झाडं ‘मोकळी’ करून घ्यायची. पहिल्या दोन कामांसाठी कमिटी निदान दोन-तीन कोटेशनं मागवते. तिसऱ्याला ओळखीचा कुणीही चालतो. तो चार माणसं, दोर, कोयते आणि एखादी चेन सॉ घेऊन येतो. दोन दिवसांत गुलमोहराच्या आणि पर्जन्यवृक्षाच्या जागी हात तोडलेले खांब उभे राहतात, टेम्पो भरून लाकूड जातं आणि पावसाळ्याची तयारी पूर्ण झाली असं कमिटी समजते. यामागचा हिशेब साधा आहे: झाड जितकं आखूड आणि बोडकं, तितका धोका कमी. हा हिशेब नुसता चुकलेला नाही, उलटा आहे. ज्या धोक्याला घाबरून ही छाटणी होते, तोच धोका ती काही वर्षांच्या अंतराने तयार करते. म्हणून झाडांना हातच लावू नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. हात लावावाच लागतो. पण तो झाड समजणाऱ्या माणसाचा असावा, तो माणूस जवळपासचा असावा, आणि त्याला पैसे त्याच्या नजरेचे मिळावेत, कापलेल्या लाकडाचे नव्हे.

भीती खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवं. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला आणि शहरात दोन हजारांहून अधिक झाडं पडली. त्याआधी जुलै 2017 मध्ये चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका स्त्रीच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात तिचा जीव गेला. झाड धोकादायक असल्याची तक्रार आधीच झाली होती, पाहणीत मात्र ते ठीक ठरलं होतं, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आलं. अशा बातम्या वाचलेल्या सेक्रेटरीला पर्यावरणाचा शत्रू ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याने काही साधत नाही. त्याच्या डोक्यावर खरी जबाबदारी आहे. प्रश्न एवढाच की या घटना सरसकट छाटणीच्या बाजूने साक्ष देतात का? चेंबूरचं झाड नारळाचं होतं, आणि नारळाला फांद्याच नसतात. तिथे उणीव असलीच तर ती कापण्यात नव्हती, पाहण्यात होती. वादळातही काही झाडं मुळासकट उन्मळतात आणि काही मध्येच मोडतात. या दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. दोन्हींवर एकच कोयता चालवणं म्हणजे पोटदुखी आणि पाय मोडणं यांना एकच गोळी देणं.

आधी मध्येच मोडणाऱ्या झाडांकडे पाहू. आपल्या त्वचेवरची जखम भरते म्हणजे तिथे नव्या पेशी येऊन जुन्यांची जागा घेतात. झाडाचं तसं होत नाही. अमेरिकेच्या वन विभागात काम केलेल्या अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने चेन सॉने हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कुठून सुरू झाली आणि कुठे थांबली याचा माग काढला. 1977 साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा: झाड जखम बरी करत नाही, ते तिला कोंडतं. जखमेच्या वर, खाली आणि आतल्या बाजूला ते रासायनिक अडसर उभे करतं आणि बाहेरून नव्या लाकडाचा थर चढवतं. आत शिरलेली बुरशी त्या कोठडीत राहते, कोठडी पक्की असेल तर तिथेच थांबते, कच्ची असेल तर खोडात उतरते. कोठडी पक्की होण्यासाठी जखम लहान हवी आणि ती योग्य जागी हवी. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर वळी दिसते. कूज अडवण्याची झाडाची मुख्य सोय त्या वळीत असते. वळीच्या जरा बाहेर कापलं तर काही वर्षांत घाव मिटतो. खोडाला चिकटून सपाट कापलं की वळीच जाते आणि अडसर उभा करणारा भाग कापणाऱ्याच्या हाताने नष्ट होतो. उलट, हातभर ठूठ सोडून कापलं तर ते ठूठ मरतं आणि बुरशीला आत जायचा रस्ता होतं. जड फांदी उतरवताना आधी खोडापासून फूटभर दूर खालून अर्धवट काप घ्यायचा, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून वजन उतरवायचं आणि शेवटी वळीबाहेर स्वच्छ काप द्यायचा, एवढी साधी ही पद्धत आहे. ती न पाळल्यामुळे फांदी पडताना खोडाची साल हात-दीड हात सोलवटत खाली आलेली कोणत्याही सोसायटीत पाहायला मिळते. मग त्यावर डांबर किंवा ऑइल पेंट फासला जातो. त्याने कूज थांबत नाही. पाहणाऱ्याचं समाधान तेवढं होतं.

आता शेंडा उडवण्याकडे येऊ, कारण सोसायट्यांच्या छाटणीत मुख्यतः तेच होतं. जाड फांद्या मध्येच, कुठेही, सरळ रेषेत तोडल्या की झाडाचा बहुतेक पाला एका दिवसात जातो. पाला म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ते बंद पडलं की झाड खोडात आणि मुळांत साठवलेल्या पिठूळ साठ्यावर जगायला लागतं आणि तो साठा खर्चून घाईघाईने नवे धुमारे फोडतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे धुमारे एका हंगामात माणसाच्या उंचीएवढे होतात. पाहणारा म्हणतो, बघा, झाड कसं छान फुटलं! पण मूळ फांदी खोडाच्या गाभ्यातून, वर्षावर्षाच्या थरांत गुंतून बाहेर आलेली असते. धुमारा नुसत्या बाहेरच्या थराला धरून असतो. त्याच्या बुडाशी ते मोठं तोंड उघडं असतं, आणि एवढी मोठी जखम झाडाला मिटवता येत नाही. वर धुमाऱ्यांचं वजन वाढत जातं, खाली त्यांचा पाया कुजत जातो. चार-पाच पावसाळ्यांनंतर त्यातला एक मांडीएवढा झालेला धुमारा साध्या जोराच्या वाऱ्यात गाडीवर पडतो. तेव्हा कमिटी म्हणते, छाटणी कमी पडली, यंदा जास्त कापा.

फांदी म्हणजे केसांसारखी, कापली की परत येते, असं सर्रास म्हटलं जातं. त्यापेक्षा वजनदार आक्षेप शेतीतून येतो. नाशिककडचा द्राक्ष बागायतदार वर्षातून दोनदा वेल जवळजवळ उघडी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि तरीही बाग वर्षानुवर्षं पीक देते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जुन्या, घनदाट झालेल्या आंब्याच्या बागा छाटणी करून पुन्हा फळाला आणण्याचं तंत्र दिलं आहे. मग सोसायटीच्या गुलमोहराचेच एवढे लाड का? या आक्षेपाचं उत्तर त्या बागांतच आहे. द्राक्षाची काडी बोटाएवढी असते, त्यामुळे तिची जखमही बोटाएवढीच. वेल मांडवावर टेकलेली असते, ती कुणाच्या डोक्यावर पडायची नसते. काडी कितव्या डोळ्यावर कापायची हे ठरलेलं असतं, आणि ते कळणाऱ्या मजुरांच्या टोळ्या बागायतदार हंगामाआधी बोलावून ठेवतो. जुन्या आंब्याचं पुनरुज्जीवनही मधली दाटी काढून ऊन आत आणण्यासाठी, ठरलेल्या काळात, कापलेल्या जागांना बुरशीनाशक बोर्डो पेस्ट लावून, पुढे खत-पाणी-कीडनियंत्रण सांभाळून होतं. शेतकरी ज्या कामासाठी जाणता माणूस शोधतो, त्याच कामासाठी शहरातला सुशिक्षित माणूस दिसेल त्याला बोलावतो. शेतीचा दाखला छाटणीच्या बाजूचा आहे, हे खरं. सोसायटीतल्या छाटणीच्या बाजूचा मात्र तो नाही.

शिगोचं संशोधन थंड प्रदेशातल्या झाडांवरचं, ते आपल्याला कसं लागू व्हावं, असंही कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उष्ण, दमट हवेत झाड भराभर वाढतं, म्हणून लहान घाव आपल्याकडे लवकर मिटतो, हा आपला फायदा. पण बुरशीलाही हीच हवा मानवते, म्हणून मोठा घाव लवकर कुजतो. आणि आपण नेमके मोठे घाव घालतो, तेही मेच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर, ताजी जखम सरळ चार महिन्यांच्या ओलीत जाईल अशा बेताने. यापेक्षा वाईट मुहूर्त काढणं अवघड आहे. गुलमोहर त्या वेळी फुलून गेलेला असतो आणि नव्या पाल्यावर त्याने साठा नुकताच खर्च केलेला असतो. कावळ्यांची घरटी याच दिवसांत अंडी-पिल्लांनी भरलेली असतात, आणि पावसाळा सुरू झाला की बगळे-ढोकऱ्यांची वीण पर्जन्यवृक्षांवर सुरू होते. संरक्षित पक्ष्यांची घरटी आणि अंडी नष्ट करणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत बसवलं आहे, ही गोष्ट झाडावर चढणाऱ्याला कुणी सांगितलेली नसते आणि खाली उभ्या राहिलेल्या चेअरमनलाही ठाऊक नसते. मेमध्ये करण्याजोगं काम एकच: वाळलेल्या, मोडक्या, लोंबत्या फांद्या उतरवणं. बाकीचं काम पाऊस संपून लाकूड सुकल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं.

उन्मळणाऱ्या झाडांची गोष्ट जमिनीखालची आहे आणि तिच्याकडे पाहायची कुणाची तयारी नसते. झाडाची मुळं उंचीएवढी खोल जातात ही समजूत घट्ट आहे. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. सोसायटीत या दोन-तीन फुटांतच सगळं चालतं. कंपाउंड वॉलचा पाया, पाण्याची लाइन, गॅसची लाइन, इंटरनेटची केबल, ड्रेनेजचा चर, आणि शेवटी पार्किंगसाठी खोडाला टेकवून बसवलेले पेव्हर ब्लॉक. प्रत्येक चर खणताना पसरलेल्या मुळांची एक बाजू कापली जाते. वर झाड हिरवंगार दिसतं, कारण उरलेल्या मुळांवर ते काही वर्षं काढू शकतं. मग जुलैत जमीन चिखल झाली की कापलेल्या बाजूचं धरून ठेवणारं काहीच नसतं आणि झाड आडवं होतं. पंचनाम्यात लिहिलं जातं: जोरदार वारा. एप्रिल 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं किमान एक मीटरचं काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तेव्हापासून ‘झाडाला श्वास घेऊ द्या’ ही मोहीम इतर शहरांतही अधूनमधून होते. आपल्याकडे मात्र एकीकडे आळी मोकळी केली जातात आणि दुसरीकडे त्याच रस्त्याच्या नव्या काँक्रिटीकरणात मुळं तुटतात. शेंडा उतरवला की वारा कमी लागतो, म्हणून मुळांवरचा ताणही कमी होतो, हा सोसायट्यांचा सर्वांत सबळ मुद्दा आहे आणि तो अंशतः खरा आहे. वजन आणि वारा कमी करण्यासाठी फांद्या आखूड करणं हे मान्य तंत्र आहे. पण त्यात फांदी मध्येच तोडत नाहीत. लहान उपफांदी निघते तिथवर ती मागे घेतात, म्हणजे शेंड्याचं काम ती उपफांदी सांभाळते आणि धुमाऱ्यांचं रान माजत नाही. आणि एका वेळी पाव हिश्श्याहून जास्त हिरवा पाला काढत नाहीत. मोठ्या, जुन्या झाडाचा तर त्याहूनही कमी. आतल्या सगळ्या उपफांद्या खरवडून टोकाला पाल्याचा गोंडा ठेवणं हा आपल्याकडचा दुसरा लोकप्रिय प्रकार. त्यात सगळं वजन टोकाला जातं आणि फांदी वाऱ्यात चाबकासारखी हलते. तिथे धोका कमी होत नाही, नुसता टोकाकडे सरकतो.

झाडं पडली की परदेशी झाडांचा विषय निघतो. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, म्हणून तेच पडतात. ते काढा आणि देशी लावा. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2013-14 च्या सुमारास मुंबईतले पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या लागणीने मोठ्या संख्येने वाळले, हेही खरं. नवी लागवड ताम्हण, बकुळ, करंज, कदंब अशी असावी, याला माझा दुजोरा आहे. पण शहरातल्या रस्त्यांवर आणि आवारांत याच परदेशी जाती मोठ्या प्रमाणात लावल्या गेल्या आणि त्यांचीच सर्वाधिक छाटणी झाली, तेव्हा पडणाऱ्यांत त्या जास्त दिसणारच. मुळं कापलेला देशी वृक्ष त्याच्या मातृभूमीच्या जोरावर उभा राहत नाही. आणि पन्नास वर्षांचा डेरेदार वृक्ष केवळ बाहेरचा म्हणून काढून तिथे पिशवीतलं रोप लावणं याला काय म्हणावं? त्यातही ते रोप पिशवीत मुळं वेटोळी झालेलं असतं. ती मुळं न सोडवता लावलं तर ते वीस वर्षांनी स्वतःच्याच मुळांच्या फासाने अशक्त होणार.

हे सगळं इतकं उघड असताना चुकीची छाटणी दरवर्षी का होते? अज्ञान हे कारण आहे, पण एकमेव नाही. व्यवहाराची रचनाच तशी आहे. झाड कापण्याच्या कामात बऱ्याचदा लाकूड कंत्राटदाराने न्यायचं ठरतं आणि त्या मोबदल्यात तो मजुरी कमी लावतो. सोसायटीला काम स्वस्तात पडल्यासारखं वाटतं. पण या सौद्यात कंत्राटदाराचा फायदा जाड फांदीत असतो. वाळकी काटकी काढण्यासाठी शेंड्यापर्यंत चढणं त्याला तोट्याचं. धोका वाळकीत असतो, पैसा जाड हिरव्या फांदीत. आणि शेंडा उडवलेलं झाड दोन वर्षांत पुन्हा धुमाऱ्यांनी भरतं, म्हणजे तेच गिऱ्हाईक परत. इथे कुणाला लबाड म्हणायची गरज नाही. झाडावर चढणारी माणसं अत्यंत कसबी असतात. अनवाणी, कमरेला दोर गुंडाळून, हार्नेसशिवाय चाळीस फुटांवर तोल सांभाळत करवत चालवणं कुणालाही जमत नाही. त्यांना शिकवलेलं नसतं ते झाडाचं शरीरशास्त्र, आणि त्यांना दिलेली नसते ती सुरक्षिततेची साधनं. दोष त्यांना काय सांगितलं जातं आणि कशाचे पैसे दिले जातात, यात आहे.

कायदा आहेच, मग आणखी तज्ज्ञ कशाला, असंही विचारलं जातं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 पासून आहे. झाड खाजगी आवारातलं असलं तरी त्याला तो लागू होतो आणि झाडाची कोणत्याही प्रकारे हानी करणं तो झाड तोडण्यातच धरतो. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. चांगलंच झालं. पण कायदा परवानगीचा दरवाजा राखतो, काप कुठे पडावा हे तो पाहू शकत नाही. मुंबईच्या 2018 च्या वृक्षगणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली. प्रत्येक वॉर्डातल्या उद्यान विभागाच्या मोजक्या माणसांनी त्यातल्या प्रत्येक फांदीखाली उभं राहावं ही अपेक्षाच अवास्तव आहे. परवानगीच्या कागदावर बहुधा झाडाची जात आणि संख्या येते. कोणती फांदी, कितपत, कोणत्या जागी, हे कोऱ्या जागेत राहतं. ती कोरी जागा भरायला सोसायटीकडे स्वतःचा माणूस हवा.

तो कोण? शिक्षण घेतलेले, झाडांची तपासणी करणारे आर्बोरिस्ट आपल्या मोठ्या शहरांत थोडे का होईना आहेत. जिथे ते नाहीत तिथे उद्यानविद्या किंवा वनस्पतिशास्त्र शिकलेला, झाडं वाचायची सवय असलेला माणूस मिळू शकतो. तो जवळपासचाच हवा, असं म्हणण्यात स्थानिक अभिमानाचा भाग नाही. झाडाचं निदान एका भेटीत होत नाही. बुंध्याशी उगवणारं भूछत्र पावसाळ्यात दिसतं आणि उन्हाळ्यात वाळून गळतं; खोडाचा कल यंदा वाढला का, हे गेल्या वर्षी पाहिलेल्यालाच सांगता येतं. मागच्या गल्लीत गेल्या दिवाळीत चर खणला होता, या प्लॉटवर पूर्वी विहीर होती आणि खाली भराव आहे, वॉर्ड ऑफिसात अर्ज कोणत्या टेबलावर अडतो, हे बाहेरून आलेल्या भारी कंपनीला ठाऊक नसतं. आणि जुलैच्या रात्री फांदी लोंबकळायला लागली तर फोन उचलणारा माणूस त्याच उपनगरातला असलेला बरा. त्याला विचारायचे प्रश्नही अवघड नाहीत. शेंडा उडवून देता का, असं विचारावं आणि जो हो म्हणेल त्याला चहा देऊन निरोप द्यावा. काप कुठे घेणार हे झाडाखाली उभं राहून बोटाने दाखवायला सांगावं. चढणाऱ्यांना हार्नेस, हेल्मेट आणि विमा आहे का ते पाहावं. काट्यांचे बूट घालून जिवंत झाडावर चढणार असेल तर नको म्हणावं, कारण प्रत्येक पाऊल म्हणजे सालीत एक भोक.

तज्ज्ञ स्वतःच्या पोटासाठी नसलेलं काम दाखवील, ही शंका व्यवहारी आहे आणि तिचं उत्तरही व्यवहारीच आहे. पाहणारा आणि कापणारा वेगळे ठेवायचे. पाहणाऱ्याने झाडागणिक लेखी अहवाल द्यायचा, फोटोवर खुणा करून, आणि त्याची फी ठरावीक. लाकडाशी त्याचा संबंध नाही. कापणाऱ्याने त्या खुणांप्रमाणे काम करायचं आणि लाकडाचा हिशेब वेगळा लिहायचा. सध्याच्या टोळीलाच हे काम देता येतं. दोन-तीन सोसायट्यांनी मिळून तिला हार्नेस आणि एक दिवसाचं प्रात्यक्षिक दिलं तर त्या भागाला कायमची कसबी माणसं मिळतात. खर्चाचा आक्षेप याच हिशेबात विरघळतो. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं सोसायट्यांचे आदर्श उपविधी सांगतात. लिफ्टचा वार्षिक करार कुणी टाळत नाही. मुलं खेळतात त्या जागेवर कित्येक टनांचं झाड उभं असतं, त्याचं ऑडिट मात्र फालतू खर्च वाटतो! शिवाय सर्वांत स्वस्त काम कुणी करतच नाही: पाच-सहा वर्षांच्या झाडाची घडण. दोन शेंडे जोडीने वाढून मध्ये साल दाबली जात असेल तर एक शेंडा आत्ता जमिनीवर उभं राहून, हातकरवतीने, दहा मिनिटांत काढता येतो. हेच जोडखोड तीस वर्षांनी फाटतं तेव्हा क्रेन लागते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका समितीने 2021 मध्ये झाडाची किंमत वर्षाला 74,500 रुपये धरली होती. अशा आकड्यांवर माझा फारसा भरवसा नाही. प्राणवायूची बिलं कुणी भरत नाही. पण एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवरची सावली गेली की विजेचं बिल मात्र खरंखुरं येतं.

नारळाचं वेगळं सांगायला हवं, कारण अपघातांत तो वारंवार येतो आणि वरचे नियम त्याला लागत नाहीत. त्याला एकच वाढीचा कोंब असतो, तो गेला की झाड संपलं. खोडावर पडलेला घाव तो कोंडूही शकत नाही, कारण दरवर्षी नवा थर चढवणारी यंत्रणाच त्याच्यात नाही. चढायला सोपं जावं म्हणून खोडात पाडलेल्या खाचा त्यामुळे जन्मभर उघड्या राहतात आणि पाणी धरतात. गेंडा भुंगा, सोंड्या भुंगा आणि बुंध्याची कूज हे त्याचे खरे शत्रू. खोडातून पाझरणारा तांबूस चीक, कुरतडलेला भुसा, लहान होत गेलेला शेंडा ही त्यांची चिन्हं. कोकण-गोव्यातला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, हे वर चढल्याबरोबर ओळखतो. शहरात नारळ आणि वाळल्या झावळ्या वर्षातून तीन-चार वेळा उतरवणारा असा माणूस बांधून घेणं हीच नारळाची निगा, आणि त्याच्याकडून दर खेपेला शेंड्याची खबर घेणं हीच तपासणी.

आणि काही झाडं काढावीच लागतात. बुंधा पोकळ होऊन भिंत पातळ उरली असेल, मुख्य मुळं एका बाजूने तुटली असतील, माती फुगून भेगा पडून कल वाढत असेल आणि खाली शाळेच्या बसचा थांबा असेल, तर त्या झाडावर कविता करण्यात अर्थ नाही. वृक्षप्रेमी म्हणवणाऱ्यांनी अशा वेळी सरसकट विरोध केला की चांगल्या झाडांसाठी बोलण्याचा त्यांचा हक्क दुबळा होतो. उलट, थांबा दहा मीटर सरकवता आला, झाडाखालचं पार्किंग हलवता आलं, फांदीला केबलचा आधार देता आला, तर तेच झाड आणखी वीस वर्षं उभं राहू शकतं. धोका झाडात जितका असतो तितकाच झाडाखाली काय ठेवलं आहे यात असतो. हा निवाडा करायला कोयतेवाला नको आणि निव्वळ वृक्षप्रेमीही नको. खोडावर लाकडी हातोडी वाजवून आवाज ऐकणारा, बुंध्याची माती उकरून पाहणारा आणि शेवटी लेखी मत देऊन त्याखाली सही करणारा माणूस हवा.

अडचण वेळेची आहे. मे महिन्यात पाऊस डोक्यावर असताना कमिटी घाईत निर्णय घेते आणि घाईला कोयता सोयीचा पडतो. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपूर्वी व्हायची असते. तेव्हा पाऊस सरत आलेला असतो, कोणत्या फांद्या मोडल्या, कुठे भूछत्रं उगवली, कोणता बुंधा हलला हे सगळ्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं. झाडांच्या तपासणीचा विषय आणि त्याची रक्कम त्या सभेच्या विषयपत्रिकेवर घालावी. ऑक्टोबरात पाहणी, नोव्हेंबरात उद्यान विभागाकडे झाडागणिक अहवाल जोडून अर्ज, जानेवारी-फेब्रुवारीत काम. मेमध्ये मग गटारं आणि गच्ची एवढंच उरतं.